भाड्याच्या घरात घरफोडी झाल्यावर: नव्या भाडेकरूने टप्प्याटप्प्याने काय करावे

भाड्याच्या घरात घरफोडी झाली की भाडेकरूपुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. गेलेले सामान परत मिळेल का, हा पहिला प्रश्न आणि फोडलेले दार कोणी दुरुस्त करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बरेचसे पोलिसांच्या तपासावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर भाडेकरार, घरमालक आणि त्या ठिकाणचा कायदा यांच्यात विखुरलेले असते आणि नवखा भाडेकरू बहुधा तिथेच चुकतो. कोणी घाबरून सगळा खर्च गुपचूप स्वतःच्या खिशातून करतो, तर कोणी संतापाने भाडे थांबवतो आणि बघता बघता करारभंग करणारा पक्ष तोच ठरतो. हा लेख त्या दोन्ही चुका टाळण्यासाठी लिहिला आहे.

कायदे ठिकाणानुसार बदलतात, पण त्यांच्या मुळाशी असलेली वाटणी बहुतेक सगळीकडे सारखी आहे. घराचा सांगाडा, म्हणजे दार, चौकट, खिडक्या आणि सामायिक जिना, ही मालकाची बाजू; आतले सामान ही भाडेकरूची बाजू. घरफोडी या दोन्ही बाजूंना एकदम धक्का देते. त्यामुळे प्रत्येक नुकसान कोणत्या बाजूचे आहे, हे पहिल्या दिवसापासून वेगवेगळे नोंदवत गेलात तर पुढची निम्मी भांडणे होतच नाहीत.

घरात पाऊल टाकण्याआधी

कुलूप तुटलेले किंवा दार किलकिले दिसले तर आत जाऊ नका. चोर आत असण्याची शक्यता कितीही कमी वाटली तरी तो धोका पत्करण्यासारखा नाही. शेजाऱ्याकडे किंवा रस्त्यावर थांबून पोलिसांना फोन करा. भारतात आणि युरोपीय संघातील देशांत ११२, ब्रिटनमध्ये ९९९ आणि अमेरिकेत ९११ हे आणीबाणीचे क्रमांक आहेत. नव्या देशात किंवा नव्या शहरात राहायला गेलात तर ज्या दिवशी घराची किल्ली हाती येते त्याच दिवशी तिथला क्रमांक फोनमध्ये ठेवावा.

पोलीस येईपर्यंत कोणत्याही वस्तूला हात लावू नये, हे सगळ्यांनाच ठाऊक असते आणि तरीही ते पाळणे फार अवघड जाते. माझ्या भाड्याच्या घरात चोरी झाली तेव्हा उलटेपालटे झालेले कपाट मला बघवेना, म्हणून मी कपडे घडी घालून आत ठेवले आणि फरशीवरची माती पुसून काढली. ठसे घेणारा कर्मचारी आला तेव्हा त्याला दाखवायला माझ्याकडे स्वच्छ घर होते, पुरावा नव्हता. तुम्ही असे करू नका. आत गेल्यावरच चोरी लक्षात आली असेल तर दारातूनच प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्या, फोडलेल्या कुलपाची, चौकटीवरील खुणांची आणि तुटलेल्या काचेची जवळून घ्या, आणि मग बाहेर येऊन थांबा.

वाट पाहत असताना एक काम मात्र लगेच करता येते. बँकेची कार्डे, चेकबुक, फोन किंवा लॅपटॉप गेला असेल तर बँकेला कळवून कार्डे बंद करा, सिमकार्ड बंद करवा आणि दुसऱ्या यंत्रावरून महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड बदला. किल्ल्यांचा जुडगा गेला असेल तर ते फोनइतकेच गंभीर समजा, कारण ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला घराचा पत्ताही ठाऊक आहे.

फिर्याद कशी नोंदवावी

फिर्यादीत केवळ ‘चोरी झाली’ असे लिहून घेणे पुरेसे नाही. दार, खिडकी किंवा कुलूप जबरदस्तीने उघडले गेले असेल तर ते स्पष्ट शब्दांत नोंदले गेले पाहिजे. कडी वाकली, चौकट फाटली, लॅच उपटला, जे झाले ते जसेच्या तसे सांगा. त्या एका वाक्यावर पुढच्या दोन गोष्टी अवलंबून असतात. घरातील सामानाच्या अनेक विमापत्रांत बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण असणे ही भरपाईची अट असते. शिवाय दाराचे नुकसान भाडेकरूच्या निष्काळजीपणाने झाले नाही, हे मालकाला दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घरफोडीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग गुन्हा त्याच्या हद्दीत घडलेला असो वा नसो. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तशी दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि ती मागून घ्यावी, कारण मालक आणि विमा कंपनी दोघेही पहिला कागद तोच मागतात. पंचनाम्यात दाराची अवस्था लिहिली आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहा. इंग्लंडमध्ये पोलीस गुन्ह्याचा संदर्भ क्रमांक देतात आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाने होतो.

गेलेल्या वस्तूंची यादी पहिल्याच दिवशी पूर्ण होत नाही. मनावर ताण असतो आणि काही वस्तू गेल्याचे आठवड्याने लक्षात येते. म्हणून पहिल्या यादीखाली ‘आणखी वस्तू आढळल्यास पुरवणी यादी देईन’ असे एक वाक्य लिहून ठेवावे. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, लॅपटॉपचा अनुक्रमांक, दागिन्यांचे वजन आणि जुने फोटो, खरेदीच्या पावत्या, जे सापडेल ते जोडा. क्रमांक लिहिलेली वस्तू पुढे कुठे मिळाली तर ती तुमचीच आहे हे सिद्ध करणे सोपे जाते.

पहिल्या रात्रीच दार सुरक्षित करा

एकदा चोरी झाली, आता पुन्हा कशाला कोणी येईल, असे मनाला समजावणे स्वाभाविक आहे, पण अनुभव उलट सांगतो. कॅनडातील सास्कटून शहरातील घरफोड्यांच्या अभ्यासात असे आढळले की एकदा फोडलेले घर महिन्याभरात पुन्हा फोडले जाण्याचे प्रमाण अपेक्षेच्या बारापटीहून जास्त होते, आणि सहा महिन्यांचा काळ धरला तर ते दुपटीच्याही खाली आले. याची कारणे समजण्यासारखी आहेत. चोराला घराची रचना कळलेली असते, काय नेता आले नाही हे त्याला आठवत असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी थोड्याच दिवसांत नव्या वस्तू येणार, हेही तो जाणतो. तेच कमकुवत दार अजून तसेच असेल तर त्याला दुसरे काही शोधावे लागत नाही.

या बाबतीत इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ती भाड्याच्या घरांचीच वसाहत होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सगळ्या घरांना थोडी थोडी सुरक्षा वाटण्याऐवजी नुकत्याच फोडल्या गेलेल्या घरांवर लक्ष केंद्रित केले गेले. त्यांची कुलपे मजबूत केली, आजूबाजूच्या साधारण सहा घरांना त्या घरावर नजर ठेवायला सांगितले, आणि चोरांना मोहात पाडणारे, नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढून टाकले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. यातून भाडेकरूने घेण्यासारखी गोष्ट अशी की पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे मालकाचे उत्तर स्वीकारू नये.

पोलिसांचे काम आटोपल्यावर त्याच दिवशी मालकाला फोन करा आणि दार बंद होईल एवढी तात्पुरती दुरुस्ती कोण करणार, हे विचारा. मालक फोन उचलत नसेल तर चावीवाला किंवा सुतार बोलावून दार सुरक्षित करून घ्या, पण त्या रात्रीच्या गरजेपुरतेच काम करवा. काढलेले जुने कुलूप फेकू नका, कामाची पावती घ्या, आणि नव्या कुलपाची एक किल्ली मालकाला देण्याची तयारी लेखी कळवा. आणीबाणीत कुलूप बदलणे बहुतेक ठिकाणी समजून घेतले जाते. मालकाला घराबाहेर ठेवण्यासाठी ते बदलल्यासारखे दिसले तर मात्र तुमचीच बाजू लंगडी पडते. त्या रात्री एकटे राहावेसे वाटत नसेल तर कोणाला तरी सोबतीला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगा. लपवून काही मिळत नाही. कर्कहोल्टच्या यशात शेजाऱ्यांच्या नजरेचा वाटा कुलपांइतकाच होता, असे मला वाटते.

मालकाला पत्र

फोन झाला तरी चोवीस तासांच्या आत मालकाला लेखी कळवा. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल. मात्र त्यावर तारीख असावी आणि मजकूर तुमच्याजवळ राहावा. पत्रात आरोप नकोत, वस्तुस्थिती हवी. साधारण असा मजकूर पुरेसा आहे: ‘काल सायंकाळी मी बाहेर असताना मुख्य दाराचे लॅच तोडून घरात चोरी झाली. पोलिसांकडे फिर्याद नोंदवली असून तिची प्रत सोबत जोडली आहे. चौकट उजव्या बाजूने फाटली आहे आणि दार आतून नीट बंद होत नाही. छायाचित्रे सोबत आहेत. रात्रीपुरती मी सुताराकडून फळी मारून घेतली आहे, तिची पावतीही जोडली आहे. कृपया चौकट व कुलूप लवकरात लवकर दुरुस्त करावे आणि काम कोणत्या दिवशी होईल ते कळवावे.’

याआधी कधी दार किंवा कुलूप नीट नसल्याची तक्रार केली असेल तर त्या संदेशाची तारीख पत्रात अवश्य लिहा. पुढे वाद झालाच तर त्या तारखेला फार वजन येते. मालकाला धोका आधी ठाऊक होता आणि तरीही त्याने काही केले नाही, ही बाब ‘अचानक चोरी झाली’ यापेक्षा अगदी निराळी आहे. अमेरिकेच्या कोलंबिया जिल्ह्यातील अपील न्यायालयाने १९७० मध्ये ‘१५०० मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू’ या इमारतीच्या खटल्यात नेमका हा फरक ओळखला. संबंधित भाडेकरू महिला १९५९ मध्ये राहायला आली तेव्हा दारावर दिवसरात्र दारवान असे; १९६६ मध्ये सामायिक मार्गिकेत तिच्यावर हल्ला झाला तोपर्यंत ती व्यवस्था उरली नव्हती आणि इमारतीतील गुन्हे वाढत असल्याचे मालकाला माहीत होते. सामायिक जागा मालकाच्या ताब्यात असतात, तिथे काय सुधारायचे हे केवळ तोच ठरवू शकतो, म्हणून आधीच दिसत असलेल्या धोक्यापासून भाडेकरूचे वाजवी रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल जगभर बंधनकारक नाही, पण त्यातला विचार कुठल्याही भाडेकरूला समजून घेता येतो.

कायदा मालकाकडून किती मागतो

इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याचे कलम ११ सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारांत घराचा सांगाडा आणि बाह्यभाग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. तिथे घरातील धोके मोजण्याची जी सरकारी पद्धत आहे तिच्या २९ धोक्यांत आगंतुकाचा शिरकाव हाही एक स्वतंत्र धोका आहे. म्हणजे सहज उघडणारे दार हे ओल किंवा खराब वायरिंगप्रमाणेच घराच्या सदोषपणात मोडते. अमेरिकेतील टेक्सास राज्याचा कायदा आणखी नेमका आहे. बाहेरच्या दाराला किल्लीविना आतून लागणारी कडी आणि बाहेरचे दिसणारे भिंग असलेच पाहिजे, नवा भाडेकरू आल्यावर सात दिवसांत कुलपांच्या किल्ल्या बदलल्या पाहिजेत, आणि घरफोडी झाल्याचे सांगून भाडेकरूने सुरक्षा साधनाची मागणी केली तर एरवीची ७ दिवसांची मुदत ७२ तासांवर येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ सांगते की वेगळा करार नसेल तर जागा चांगल्या आणि राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे काम आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याने मात्र आधी स्वतःच्या करारातील दुरुस्तीचे कलम वाचावे आणि त्यावरच बोट ठेवून पत्र लिहावे.

एवढे असले तरी या तरतुदींतून भाडेकरूचे चोरीला गेलेले सामान मालक भरून देईल, असा अर्थ सहसा निघत नाही. मालकाच्या स्पष्ट दुर्लक्षामुळेच चोरी झाली, हे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. आणि ते सिद्ध करणे कठीण असते. मालकाचा इमारतीचा विमा असला तरी त्यात तुमचा लॅपटॉप किंवा दागिने येत नाहीत. ही गोष्ट नव्या भाडेकरूला चोरीनंतर कळते, हे फार दुःखाचे आहे.

मालक टाळाटाळ करत असेल तर

भाडे थांबवू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मनातून सगळ्यात आधी हेच करावेसे वाटते. कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीखेरीज भाडे थांबवणे म्हणजे घर सोडायला लावण्याचे कारण मालकाच्या हाती देणे होय. अचानक घर सोडून जाणेही तसेच. नोटिशीचा काळ आणि अनामत रक्कम या दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. त्याऐवजी दुसरे पत्र लिहा, त्यात पहिल्या पत्राची तारीख टाका, आणि दुरुस्तीसाठी निश्चित दिवस मागा. मग स्थानिक प्रशासनाचा गृहनिर्माण विभाग, भाडेकरू संघटना किंवा मोफत विधी सेवा यांपैकी जे तुमच्या ठिकाणी असेल तिकडे हा सगळा पत्रव्यवहार घेऊन जा. तक्रार केली म्हणून मालक घर सोडायला सांगेल, ही भीती खरी असते, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी कायद्याने अशा सूडबुद्धीच्या कारवाईला आळा घातला आहे. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये न्याय्य मागणीनंतर सहा महिन्यांच्या आत अशी कारवाई करण्यास मालकाला मनाई आहे.

दुरुस्तीच्या निमित्ताने मालकाने वाटेल तेव्हा घरात यावे, असेही नाही. इंग्लंडमधील कलम ११ खाली पाहणीसाठी चोवीस तासांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमातही चोवीस तासांची पूर्वसूचना अपेक्षिली आहे. मालकाने सुरक्षेच्या नावाखाली घराच्या आत कॅमेरा बसवण्याचा प्रस्ताव मांडला तर ठामपणे नकार द्यावा.

कुठे मजबुती आणायची

महाग कुलूप घेण्याआधी चौकट तपासा. बहुतेक वेळा कुलूप शाबूत राहते आणि ज्या पट्टीत कडी शिरते ती पट्टी दोन छोट्या स्क्रूंसह उपटून येते. ती पट्टी जाड हवी आणि तिचे स्क्रू चौकटीच्या लाकडातून मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतील इतके लांब हवेत. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या खिळ्या सहज निघू नयेत, अशी व्यवस्था करावी. लॅचच्या जोडीला आत खोलवर शिरणारी डेडबोल्ट कडी असावी. सरकत्या काचेच्या दाराला खालच्या खाचेत बसणारा लाकडी दांडका घातला तरी फरक पडतो, आणि त्याला परवानगीही लागत नाही.

वेळ हाच चोराचा शत्रू आहे. युरोपीय मानक ईएन १६२७ दारे-खिडक्यांचे वर्ग त्या किती वेळ तग धरतात यावरून ठरवते. त्यातील दुसऱ्या प्रतिकार वर्गाच्या दाराने साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटे टिकणे अपेक्षित असते. तीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण नेदरलँड्सने १९९९ पासून नव्या घरांना अशी दारे-खिडक्या सक्तीच्या केल्यानंतर त्या घरांतील घरफोडीची जोखीम सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात दिसले.

भोक पाडावे लागेल, चौकट बदलावी लागेल किंवा जाळी बसवावी लागेल अशा प्रत्येक कामासाठी मालकाची लेखी परवानगी घ्या आणि घर सोडताना ती वस्तू काढून न्यायची की ठेवायची, हेही त्याच संदेशात ठरवून टाका. अनामत रकमेतून होणाऱ्या कपातीची भांडणे बहुतेक याच ठिकाणी सुरू होतात. आगीचा विचार मात्र कधीही सोडू नका. आतून किल्लीशिवाय न उघडणारे कुलूप किंवा सगळ्या खिडक्यांना कायमची बंद जाळी यामुळे चोर बाहेर राहील, पण आग लागली तर तुम्ही आत अडकाल. किमान एका खिडकीची जाळी आतून उघडता आली पाहिजे आणि ती कशी उघडते हे घरातील लहान मुलांनाही माहीत असले पाहिजे. स्वतःचा कॅमेरा लावणार असाल तर त्याच्या कक्षेत शेजाऱ्याचे दार किंवा त्यांची खिडकी येणार नाही, अशा बेताने लावा.

विमा आणि सापडलेले सामान

सामानाचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, कारण उशिरा कळवणे हे दावा नाकारण्याचे एक सर्वसाधारण कारण असते. फिर्यादीची प्रत, वस्तूंची यादी, पावत्या आणि तुटलेल्या दाराची छायाचित्रे या चार गोष्टी आधीपासून नोंदवत आला असाल तर वेगळी धावपळ करावी लागत नाही. भारतात तपास अपुरा राहिल्यास चोर सापडला नसल्याचा पोलिसांचा अहवाल कंपन्या मागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असते. तोवर काहीच कळले नाही तर फिर्यादीचा क्रमांक घेऊन ठाण्यात लेखी विचारणा करा.

सामान सापडले तर ते बहुधा थेट हाती येत नाही. ते मुद्देमाल म्हणून जमा होते आणि ताबा मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्या वेळी अनुक्रमांक, फोटो आणि पावती यांची पुन्हा गरज पडते. विमा कंपनीने त्या वस्तूची भरपाई आधीच दिली असेल तर वस्तू सापडल्याचे कंपनीला कळवणे तुमच्यावर बंधनकारक असते, म्हणून ताबा घेण्यापूर्वीच कंपनीला पत्र पाठवा आणि त्याची एक प्रत फिर्यादीच्या कागदांना जोडून ठेवा.